फर्लोवर असताना नोकरी बदलायची आहे? राजीनाम्याच्या मेलआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

१२ एप्रिल २०२१ ला इंग्लंडमधली दुकानं उघडली, १७ मेपासून रेस्टॉरंटमध्ये आत बसून जेवता येऊ लागलं आणि नोकऱ्यांच्या जाहिराती भराभर दिसायला लागल्या. तेव्हापासून मला ओळखीच्या लोकांचे फोन वाढले आहेत. वर्षभर फर्लोवर (करोनाकाळात काम थांबलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा मोठा वाटा सरकारने कंपनीला देण्याची ब्रिटनमधली योजना) घरी बसलेल्या माणसाच्या हातात नवं ऑफर लेटर येतं आणि त्याच संध्याकाळी तो जुन्या कंपनीला दोन ओळींची मेल टाकतो. मला फोन येतो तो महिन्याभराने, शेवटची पेस्लिप हातात पडल्यावर. नोटीसचा पगार ८० टक्केच का? सुट्ट्यांचे पैसे एवढेच कसे? नव्या नोकरीत इतका टॅक्स का कापला?

मी पेरोलमध्ये काम करते. या प्रश्नांचा निकाल बहुतेक वेळा ती मेल जाण्याआधीच्या आठवड्यात लागलेला असतो. एकदा दिलेला राजीनामा कंपनीच्या संमतीशिवाय मागे घेता येत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. खाली लिहिलं आहे ते इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी, मे २०२१ अखेरीस लागू असलेल्या नियमांप्रमाणे. फर्लोची योजना ३० सप्टेंबर २०२१ ला संपली, तेव्हा खालचा सल्ला त्या काळातला समजा.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाका

"फर्लोचे पैसे सरकार देतं, मग नोटीसचा महिनाही सरकारच देईल, कंपनीचं काय जातं?" हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते. २०२० मध्ये काही महिने ते खरं होतं. १ डिसेंबर २०२० पासून तसं राहिलं नाही. कर्मचारी नोटीसवर आहे त्या दिवसांसाठी कंपनीला सरकारकडून फर्लोचा एक पैसाही मागता येत नव्हता. नोटीस कंपनीने दिलेली असो की तुम्ही, कराराची असो की कायद्याची, नियम तोच. तुमची मेल पोचते त्या क्षणापासून तुमच्या पगाराचा सगळा भार कंपनीच्या खिशावर येतो.

याचे दोन परिणाम होतात. कंपनी नोटीस लवकर संपवायला उत्सुक असते, आणि तुमच्या हातात वाटाघाटीची थोडी ताकद येते. हे ठाऊक असेल तर पुढचे टप्पे वेगळ्या नजरेने वाचाल. २०२० च्या उन्हाळ्यात कोणी दिलेला सल्ला मात्र आता वापरू नका.

टप्पा १: कागद आधी हातात घ्या

फर्लोवर असताना अनेकांचं ऑफिसचं लॉगिन बंद असतं, आणि राजीनाम्यानंतर उरलेलंही बंद होतं. म्हणून राजीनाम्याचा शब्द काढण्याआधी पुढचे कागद आपल्या खासगी मेलवर किंवा प्रिंट करून ठेवा.

1. नोकरीचा करार आणि त्यानंतर पगारवाढीची किंवा बढतीची आलेली पत्रं.
2. फर्लोचं पत्र. मुदतवाढीची पत्रंही शोधा. कित्येकांना तीन-चार आलेली असतात आणि प्रत्येकातल्या अटी थोड्या वेगळ्या असतात.
3. फर्लोच्या आधीच्या तीन पूर्ण महिन्यांच्या पेस्लिपा, आणि फर्लोतल्या सगळ्या.
4. सुट्ट्यांची नोंद. नोंद फक्त कंपनीच्या सिस्टिमवर असेल तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

मग करारात या गोष्टींवर पेनाने खुणा करा: तुम्ही किती नोटीस द्यायची, कंपनीने तुम्हाला किती द्यायची (हे दोन आकडे वेगळे असू शकतात आणि दुसरा आकडा पुढे फार कामाला येणार आहे), नोटीसऐवजी पगार देऊन लगेच मोकळं करण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे का, दुसरी नोकरी करायला परवानगी लागते का, आणि सोडताना प्रशिक्षणाचा खर्च, रेल्वे पासाचं कर्ज किंवा इतर काही वळतं करण्याची अट आहे का.

फर्लोच्या पत्रात एकच वाक्य शोधा. ते पत्र कधी संपतं? काही पत्रांत स्पष्ट असतं की कोणत्याही बाजूने नोटीस दिली की फर्लोचा करार संपला. तसं असेल तर कमी पगाराला दिलेली तुमची संमतीही तिथेच संपते, आणि पूर्ण पगार मागायला तुमची बाजू भक्कम होते.

तपासा: फर्लोचं पत्र सापडत नसेल तर आत्ताच मागा. फर्लोची लेखी नोंद ५ वर्षं जपून ठेवणं कंपनीला बंधनकारक आहे, त्यामुळे ती मागण्यात वावगं काही नाही. राजीनाम्यानंतर मागितलीत तर उत्तराला वेळ लागतो.

टप्पा २: नवी नोकरी खरोखर पक्की आहे का

"सिलेक्ट झालो" असा फोन आला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. ऑफर लेटरमध्ये बहुतेक वेळा अटी असतात: रेफरन्स, राइट टू वर्कची (इथे काम करण्याच्या हक्काची) तपासणी, कधी डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची तपासणी). या अटी पूर्ण झाल्याचं लेखी येईपर्यंत थांबा. रुजू होण्याची तारीख ऑफरमध्ये नसेल तर ती लिहून घ्या.

नव्या कंपनीला हेही विचारा: पुन्हा निर्बंध आले तर काय? मे महिन्यापासूनच्या फर्लोसाठी कर्मचारी २ मार्च २०२१ पर्यंत त्या कंपनीच्या पेरोलवर असावा लागत होता. जून २०२१ मध्ये तुम्ही नव्या जागी रुजू झालात तर ती कंपनी तुम्हाला या योजनेत बसवू शकत नव्हती. हे ऐकून ऑफर सोडा असं मी म्हणत नाही. योजना तशीही ३० सप्टेंबर २०२१ ला संपणार होती. जुलैमध्ये सरकारचा वाटा ७० टक्क्यांवर आला, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ६० वर, आणि ८० पर्यंतची भर कंपनीने घालायची होती. तरीही आपण काय सोडतो आहोत ते माहीत असावं.

तिघांनी इथे जरा जास्त थांबावं.

*कंपनीत दोन वर्षं किंवा जास्त झालेले.* तुमच्या विभागात कपातीची कुजबुज असेल तर राजीनामा देऊन तुम्ही रिडंडन्सीचे पैसे (कपातीत नोकरी गेल्यावर मिळणारी भरपाई) सोडता आहात. २२ ते ४० वयातल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवड्याचा पगार, ४१ नंतरच्या वर्षांना दीड आठवडा. ६ एप्रिल २०२१ पासूनच्या वर्षात आठवड्याच्या पगाराची मर्यादा ५४४ पौंड होती, आणि हिशोब फर्लोच्या नाही, मूळ पगारावर होतो. ३८ वर्षांचा, ८ वर्षं नोकरी झालेला माणूस ४,३५२ पौंडांपर्यंत सोडतो. आधी विचारा, "स्वेच्छेने रिडंडन्सी घेणाऱ्यांचा विचार करता आहात का?" आणि रिडंडन्सीची नोटीस आधीच मिळाली असेल, पण नवी कंपनी लवकर बोलावत असेल, तर साधा राजीनामा देऊ नका. कायद्यात प्रतिनोटीसची, म्हणजे ठरल्या तारखेआधी जातो असं कर्मचाऱ्याने कळवण्याची, सोय आहे. ती लेखी आणि योग्य मुदतीत दिली तर पैसे टिकू शकतात. ही मुदत चुकवणारे खूप आहेत, म्हणून त्याआधी एकासशी (Acas, नोकरीच्या वादांत मोफत सल्ला आणि मध्यस्थी करणारी संस्था) बोला.

*बाळाची चाहूल असलेले किंवा लवकरच त्या विचारात असलेले.* स्टॅट्युटरी मॅटर्निटी पेसाठी प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याच्या १५ आठवडे आधीपर्यंत त्याच कंपनीत २६ आठवडे झालेले लागतात. नोकरी बदलली की ही मोजणी शून्यापासून सुरू होते. तारखा कॅलेंडरवर मांडून बघा, मगच ठरवा.

*स्किल्ड वर्कर किंवा जुन्या टियर २ व्हिसावर असलेले.* आपल्यातले बरेच जण यात येतात, आणि इथली चूक पैशापेक्षा महाग पडते. नवी कंपनी स्पॉन्सर असली पाहिजे, तिने नवं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट दिलं पाहिजे आणि तुम्ही नवा अर्ज केला पाहिजे. देशातून केलेल्या साध्या अर्जाला ८ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. जुनी नोकरी संपली की जुनी कंपनी १० कामाच्या दिवसांत होम ऑफिसला (व्हिसा बघणाऱ्या गृहखात्याला) कळवते, आणि त्यानंतर साधारणपणे तुमचा व्हिसा ६० दिवसांवर आणला जातो. म्हणून तुमचा क्रम असा: सर्टिफिकेट, अर्ज, निर्णय, आणि मग राजीनामा. फर्लोचा पगार "सार्वजनिक निधी" धरला जात नाही, तेव्हा फर्लो घेतला म्हणून व्हिसाला धक्का लागेल ही भीती नको. डिपेंडंट व्हिसावरच्या जोडीदाराला नोकरी बदलताना नवा अर्ज लागत नाही.

टप्पा ३: नोटीस किती, आणि कोणत्या दिवसापासून

एक महिना नोकरी झाली की कायद्याने तुम्ही किमान एक आठवडा नोटीस द्यायची असते. करारात जास्त असेल तर करार पाळायचा. भारतातली तीन महिन्यांची सवय इथे डोक्यात आणू नका. पण "एक महिना" असं लिहिलं असेल तर ते नीट मोजा.

नोटीस दिली तो दिवस सहसा मोजत नाहीत. १ जूनला पत्र पोचलं तर एक महिन्याची नोटीस १ जुलैला संपते. काही करारांत मात्र नोटीस महिनाअखेरीस संपली पाहिजे अशी अट असते. अशा वेळी १ जूनला दिलेलं पत्र तुम्हाला थेट ३१ जुलैपर्यंत अडकवतं. ३० जूनला मोकळं व्हायचं असेल तर पत्र मे संपण्याआधी पोचायला हवं. आणि ३१ मे २०२१ हा सोमवार, बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी), ऑफिसात कोणी नाही. म्हणजे खरी शेवटची तारीख शुक्रवार २८ मे. एका दिवसाच्या उशिराने अख्खा महिना जातो आणि नवी कंपनी तेवढं थांबेलच असं नाही.

टप्पा ४: नोटीसमध्ये पगार ८० टक्के की १००?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून सावकाश जाऊ. समजा पगार वर्षाला ३०,००० पौंड, म्हणजे महिन्याला २,५००. फर्लोवर २,००० मिळतात. नोटीसच्या एका महिन्यात फरक ५०० पौंडांचा.

३१ जुलै २०२० पासून नियम होता की फर्लोवरच्या माणसाचा कायद्याने ठरलेला नोटीसचा पगार मूळ पगारावर काढायचा, कमी झालेल्या फर्लोवर नाही. लोक ही ओळ वाचतात आणि धरून चालतात की अख्खी नोटीस पूर्ण पगाराची. दोन गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटतात.

पहिली. राजीनामा तुम्ही दिला असेल तर कायद्याने ठरलेली नोटीस फक्त एक आठवडा. करारात महिना लिहिलेला असला तरी पूर्ण पगाराचं कायद्याचं संरक्षण त्या एका आठवड्यापुरतं. वरच्या उदाहरणात आठवड्याचा पूर्ण पगार ५७७ पौंड, ८० टक्के म्हणजे ४६२. फरक सुमारे ११५.

दुसरी गोष्ट उलटी वाटते, पण कायद्यात तशीच आहे. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमधलं कलम ८७, पोटकलम ४ म्हणतं: कंपनीने तुम्हाला द्यायची कराराची नोटीस कायद्याच्या किमान नोटीसपेक्षा एक आठवडा किंवा जास्त असेल, तर त्या आठवड्याचंही संरक्षण लागू होत नाही. तुम्ही स्वतः राजीनामा दिला तरी तुलना कंपनीने द्यायच्या नोटीसशीच होते. म्हणून टप्पा १ मध्ये तो दुसरा आकडा शोधायला सांगितला.

कंपनीने द्यायची कायद्याची किमान नोटीस अशी: एक महिना ते दोन वर्षं नोकरी असेल तर १ आठवडा, पुढे प्रत्येक पूर्ण वर्षाला १ आठवडा, जास्तीत जास्त १२.

आता दोन माणसं समोर ठेवा. दोघांच्याही करारात दोन्ही बाजूंनी एक महिना नोटीस.

पहिल्याची नोकरी दीड वर्षाची. कायद्याची किमान नोटीस १ आठवडा, कराराची महिनाभर. फरक एका आठवड्यापेक्षा जास्त. याला कायद्याने पूर्ण पगाराची हमी नाही. फर्लोच्या पत्रात त्याने ८० टक्क्यांना संमती दिली असेल आणि नोटीस दिल्यावर ते पत्र संपतं असं कुठे लिहिलेलं नसेल, तर कंपनी ८० टक्के देऊ शकते.

दुसऱ्याची नोकरी सहा वर्षांची. कायद्याची किमान नोटीस ६ आठवडे, ती कराराच्या महिन्यापेक्षा मोठी. याला एका आठवड्याचा पूर्ण पगार कायद्याने मिळतो. उरलेल्या दिवसांचं करार आणि फर्लोचं पत्र ठरवेल.

एकाच ऑफिसातल्या दोन मित्रांना वेगवेगळे पैसे मिळतात ते यामुळे. "त्याला पूर्ण दिला, मला का नाही" हा वाद घालण्याआधी आपलं गणित मांडा.

कायदा पुरत नसला तरी मागायला हरकत नाही. नोटीसच्या काळात कंपनीला फर्लोचा दावा करता येत नव्हता, त्यामुळे "दावाच नाही तर फर्लोचा दर कशासाठी" हा प्रश्न सभ्यपणे विचारता येत होता. बऱ्याच कंपन्या पूर्ण पगार देतात. आधी विचारलेल्याला जास्त वेळा मिळतो, एवढं माझ्या कामातून मी सांगू शकते.

इशारा: पगार महिन्याला ३,१२५ पौंडांपेक्षा जास्त असेल तर फर्लोवर तुम्हाला ८० टक्केही मिळत नसतील, कारण योजनेची कमाल मर्यादा महिन्याला २,५०० होती. ३,५०० पगाराच्या माणसाला नोटीसच्या महिन्यात १,००० चा फरक पडतो. तुमच्यासाठी हा टप्पा दुप्पट महत्त्वाचा.

टप्पा ५: सुट्ट्यांचा हिशोब

फर्लोवरही सुट्ट्या जमा होतात. वर्षाला ५.६ आठवडे, पाच दिवस काम करणाऱ्याला २८ दिवस, बँक हॉलिडे धरून. सोडताना उरलेल्या सुट्ट्यांचे पैसे पूर्ण पगाराच्या दराने मिळायला हवेत. फर्लोच्या दराने नाही.

मी स्वतः एका जुन्या कंपनीतून बाहेर पडताना सुट्ट्यांची नोंद ठेवली नव्हती. त्यांनी जो आकडा सांगितला तो मान्य करावा लागला. रोज दुसऱ्यांच्या पेस्लिपा तपासणाऱ्या माझ्यावर ही वेळ आली, तेव्हापासून प्रत्येकाला सांगते: आकडा आपण काढायचा, आणि तो आधी त्यांना कळवायचा.

तोच ३०,००० चा पगार घ्या. सुट्टीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, शेवटचा दिवस ३० जून. जमा सुट्ट्या १४. इंग्लंडमध्ये २०२१ साली तोपर्यंत ५ बँक हॉलिडे आले. कंपनीने ते सुट्टी म्हणून धरले असतील तर उरल्या ९. दिवसाचा पगार ३०,००० भागिले २६०, म्हणजे ११५.३८. नऊ दिवसांचे १,०३८ पौंड. पेरोलने चुकून ८० टक्क्यांनी काढले तर ८३१. फरक २०७.

ते ५ बँक हॉलिडे विसरू नका. कंपनीने ते तुमच्या सुट्टीतून वजा केले असतील तर त्या दिवसांचा पगारही पूर्ण हवा होता. जुन्या पेस्लिपांत ती भर दिसत नसेल तर आणखी ११५ पौंड येणं आहे.

२०२० च्या सुट्ट्याही बघा. करोनामुळे घेणं शक्य झालं नसेल तर ४ आठवड्यांपर्यंत पुढच्या दोन सुट्टीवर्षांत नेता येत होत्या.

आणि नोटीसमध्ये सुट्टी टाकावी का? ऑफिसात काम करणारा माणूस टाकतो, म्हणजे लवकर सुटता येतं. तुम्ही घरीच आहात. नोटीसचा पगार ८० टक्के मिळणार असेल तर सुट्टी टाकल्यावर त्या दिवसांचे १०० टक्के मिळतील, पण शेवटी मिळणारे सुट्टीचे पैसे जातील. सुट्टी न टाकता ते दिवस ८० टक्क्यांवर काढले आणि सुट्ट्या शेवटी पैशात घेतल्या तर एकूण जास्त हातात येतात. तेव्हा आपणहून सुट्टी मागू नका. कंपनी मात्र ती घ्यायला लावू शकते. त्यासाठी तिने दिवसांच्या दुप्पट मुदत आधी कळवायचं असतं. ९ दिवसांच्या सुट्टीसाठी १८ दिवस. तेवढी मुदत दिली नसेल तर तसं लिहून कळवा.

टप्पा ६: बाहेर पडण्याचा मार्ग निवडा

आता आकडे हातात आहेत. बोलायला जाण्याआधी आपल्याला काय हवं ते ठरवा.

1. पूर्ण नोटीस, घरी बसून. नवी नोकरी उशिरा सुरू होणार असेल आणि पूर्ण पगार मिळणार असेल तर उत्तम.

2. नोटीसऐवजी एकरकमी पगार. करारात तशी अट असेल तर कंपनी तुम्हाला त्याच दिवशी मोकळं करू शकते. टॅक्स आणि एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नेहमीसारखे कापले जातात. नोकरी आजच संपते, म्हणजे पुढच्या दिवसांच्या सुट्ट्या जमा होत नाहीत. रक्कम कोणत्या पगारावर काढणार ते लेखी घ्या. करारात "मूळ पगार" असेल तर फर्लोचा आकडा चालत नाही. करारात अटच नसेल आणि तुमच्या संमतीविना "उद्यापासून येऊ नका" म्हटलं, तरी नोटीसच्या पैशांवरचा तुमचा हक्क जात नाही.

3. संमतीने कमी केलेली नोटीस. कंपनीला खर्च वाचवायचा आहे, तुम्हाला लवकर रुजू व्हायचं आहे. सगळ्यात सोपा रस्ता, पण कमी केलेल्या दिवसांचा पगार जातो. भारतातल्यासारखं आपण पैसे भरून नोटीस विकत घेण्याची भाषा इथे काढू नका, कोणी मागितलेलं नसताना तर नाहीच.

4. नोटीस चालू असताना नवी नोकरी सुरू. फर्लोच्या योजनेने दुसऱ्या कंपनीत काम करायला कधी मनाई केली नाही. अडवतो तो करार. दुसऱ्या नोकरीची परवानगी लेखी मागा. मिळाली तर काही आठवडे दोन पगार घेता येतात. स्पॉन्सर व्हिसावाल्यांनी हा पर्याय सोडून द्यावा.

नवी कंपनी दोन आठवड्यांत बोलावत असेल तर मी तिसरा आणि चौथा, दोन्ही समोर ठेवून बोलेन. वेळ असेल तर पहिला.

टप्पा ७: आधी बोला, मग लिहा

मॅनेजरला फोन करा, पण राजीनामा फोनवर देऊ नका. "मी सोडण्याच्या विचारात आहे, तारखा आणि पगाराबद्दल बोलायचं आहे" इतकंच. पगाराचा दर, सुट्ट्या आणि शेवटचा दिवस या तिन्हींवर उत्तर आलं की पत्र.

पत्र मॅनेजर आणि एचआर दोघांना पाठवा. मॅनेजर स्वतः फर्लोवर असू शकतो. त्याची मेलबॉक्स महिनाभर कोणी उघडली नाही आणि नोटीस कधी सुरू झाली यावर वाद झाला, असं प्रत्यक्ष घडलेलं आहे. मेल खासगी पत्त्यावरून पाठवा, म्हणजे प्रत आपल्याकडे राहते.

पत्राचा मजकूर असा पुरे. इंग्रजीत लिहिताना हेच मुद्दे घ्या:

"करारातील कलमानुसार एक महिन्याची नोटीस देत आहे. माझ्या हिशोबाने नोकरीचा शेवटचा दिवस अमुक. नोटीसच्या काळात पगार अमुक दराने मिळेल असं आपलं अमुक तारखेला बोलणं झालं. त्या तारखेपर्यंत माझ्या ९ सुट्ट्या शिल्लक राहतात. त्यांचे पैसे पूर्ण पगाराच्या दराने शेवटच्या पगारात मिळावेत. कृपया हे पत्र मिळाल्याचं कळवावं."

कारणं, तक्रारी, वर्षभराचा राग यातलं काही पत्रात नको.

तपासा: दोन कामाच्या दिवसांत पोच आली नाही तर फोन करा. पोचेशिवाय नव्या कंपनीला तारीख कळवू नका.

टप्पा ८: नोटीसच्या दिवसांत

कंपनी कामावर परत बोलावू शकते. बोलावलं तर जायचं, आणि केलेल्या कामाचा पूर्ण पगार घ्यायचा. "घरूनच जरा हँडओव्हर लिहून दे" हेही कामच आहे. किती तास लागले ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी मेलने कळवा.

लॅपटॉप, फोन, पास परत केल्याची पावती घ्या. पेस्लिपचं पोर्टल बंद होण्याआधी सगळ्या पेस्लिपा आणि पी६० (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) उतरवून घ्या.

टप्पा ९: पी४५, नवा टॅक्स कोड आणि शेवटची पेस्लिप

नव्या कंपनीत पी४५ (सोडताना जुनी कंपनी देते तो पगार आणि कराचा दाखला) नसेल तर स्टार्टर चेकलिस्ट (कराचा फॉर्म) भरावी लागते. त्यात ए, बी, सी यांपैकी एका विधानावर खूण करायची असते. त्यातली चुकीची खूण थेट पगारावर येते. करवर्ष सुरू झाल्यावर, म्हणजे ६ एप्रिलनंतर, जुन्या कंपनीकडून फर्लोचा पगार घेतला आणि ती नोकरी संपली असेल तर विधान बी. जुनी नोकरी अजून चालू असेल, म्हणजे नोटीस सुरू असेल, तर विधान सी. "वर्षभर काम कुठे केलं" म्हणून विधान ए वर (या करवर्षातली पहिलीच नोकरी) खूण करणारे भेटतात. फर्लोचा पगार हाही पगारच आहे.

विधान सी दिलं की बीआर कोड लागतो, म्हणजे पहिल्या पौंडापासून २० टक्के. २,५०० च्या पगारावर ५०० टॅक्स. नेहमीच्या १२५७एल कोडवर तो २९० च्या आसपास असतो. घाबरू नका. पी४५ आला की नव्या पेरोलला लगेच द्या, आणि एचएमआरसीच्या (ब्रिटनच्या कर खात्याच्या) ऑनलाइन खात्यात जुनी नोकरी संपल्याचं दिसतं का ते बघा. कोड सुधारला की जास्त कापलेलं पुढच्या पगारात परत येतं.

शेवटच्या पेस्लिपवर या ओळी आपल्या कागदाशी ताडून बघा: नोटीसचे दिवस आणि दर, सुट्ट्यांचे दिवस आणि दर, पेन्शनचा कंपनीचा वाटा, आणि कपाती. कपातीला करारात किंवा तुमच्या सहीच्या कागदात आधार हवा. नसेल तर विचारा.

चूक दिसली तर आधी पेरोलला आकडेमोडीसह मेल. दहापैकी आठ वेळा तिथेच सुटतं, कारण ती खरोखर चूकच असते. २०२०-२१ मध्ये नियम इतक्या वेळा बदलले की पेरोलमधल्या माणसांचीही दमछाक झाली. आठवड्यात उत्तर नाही आलं तर लेखी तक्रार. तीही वाया गेली तर एकासकडे अर्ली कन्सिलिएशन (दाव्याआधीची तडजोड), ते फुकट असतं. ट्रायब्युनललाही (नोकरीच्या वादांच्या न्यायाधिकरणालाही) फी नाही, पण मुदत कडक आहे: पैसे मिळायला हवे होते त्या तारखेपासून तीन महिन्यांत एक दिवस कमी. ३० जूनला पैसे यायचे होते तर २९ सप्टेंबरपर्यंत एकासकडे नोंद झालेली हवी. कंपनी "बघतो, बघतो" म्हणत राहिली म्हणून ही तारीख पुढे सरकत नाही.

आणखी एक कागद मागून ठेवा. इथे रिलीव्हिंग लेटरची पद्धत नाही आणि नवी ब्रिटिश कंपनी ते मागणारही नाही. पण पुढे कधी पुण्या-मुंबईला परतायचा विचार असेल तर तिथे ते लागतं. एचआरकडून लेटरहेडवर पद, रुजू झाल्याची तारीख आणि शेवटचा दिवस एवढं लिहून घ्या. तुमची फाइल अजून कोणाच्या तरी टेबलावर आहे तोवरच हे पत्र पटकन मिळतं.